कंपनी गेल्यावर कोणाला धरायचं?

(तालुका शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी थोडी कमी केली आहेत.)



सकाळपासून आपलं वनजमिनीच्या पुराव्यांवर चाललं आहे. कोणाकडे दंडाच्या पावत्या आहेत, कोणाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या, कोणाच्या बापाने चिडून चुलीत घातल्या. फॉरेस्टवाल्याने आपल्याला गुन्हेगार ठरवायला पावती फाडली आणि तीच पावती आज आपला पुरावा झाली, यावर तुम्ही सगळे हसलात. मला जे सांगायचं आहे ते त्याला धरूनच आहे. फक्त ते जमिनीचं नाही, छातीचं आहे. आणि बरंच लांबचं आहे, आफ्रिकेतलं. कंटाळा आला तर हात वर करा, मी थांबेन.

लांबचं का सांगते? गेल्या महिन्यात आपल्या एका गावात एक माणूस जीपमधून आला. डोंगरात खडीची खाण काढायची आहे, क्रशर बसवायचा आहे, ग्रामसभेचा ठराव पाहिजे, असं म्हणाला. टाइप केलेला ठराव तयारच घेऊन आला होता, खाली सह्या-अंगठे तेवढे बाकी. त्यात रोजगार होता, रस्ता होता, शाळेला पंखे होते. तिथल्या सरपंच बाईंनी मला विचारलं, ताई काय करायचं? मी तो कागद तीनदा वाचला. सगळं होतं, एकच नव्हतं. खाण संपल्यावर, खड्डा आणि धूळ मागे राहिल्यावर, जाब कोण देणार? ती ओळच नव्हती. जगात ती ओळ नसल्यामुळे माणसांचं काय झालं, ते सांगते.

सिमेंटचा पत्रा तुम्हाला माहीत आहे. आश्रमशाळेवर आहे, दवाखान्यावर आहे, आता पाड्यावरही आला. त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असतं. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडच, पण असा दगड की फोडला, पिंजला की कापसासारखे धागे निघतात. जळत नाही, कुजत नाही. म्हणून कारखानदारांना फार आवडला. पत्रे, पाइप, गाडीचे ब्रेक, बॉयलरवरची गुंडाळी, सगळ्यात घातला. पण तो धागा पिंजत पिंजत इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही. श्वासातून आत गेला की फुप्फुसात रुततो. जसा जळत नाही, कुजत नाही, तसा आतही विरघळत नाही. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनी माणसाला धाप लागते. फुप्फुस दगडासारखं घट्ट होतं, त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. कोणाला फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि एक कॅन्सर फुप्फुसाच्या वरच्या पातळ आवरणाला होतो, मेसोथेलिओमा. तो झाला की माणूस फार दिवस राहत नाही.

पत्र्याखाली बसलात म्हणून उद्या मराल असं मी म्हणत नाही, घाबरू नका. अखंड पत्र्यात धागा सिमेंटने धरलेला असतो. तो कापताना, फोडताना, घासताना उडतो. पण जिथून तो दगड निघतो, त्या गावांचं काय?

दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का नावाचं गाव आहे. कोरडा मुलुख. तिथे इंग्लंडची एक कंपनी आली, केप नावाची. १८९३ साली स्थापन झाली, म्हणजे आपले पणजोबा पोरगे असतील तेव्हा. कोएगासला निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण आणि प्रिस्कात गिरणी. पुढे १९२५ साली उत्तरेकडे पेंगे नावाच्या ठिकाणची तपकिरी ॲस्बेस्टॉसची खाणही तिच्या हातात आली. पुरुष खाणीत उतरायचे. बाया बाहेर बसून हातोडीने दगड फोडून धागा वेगळा करायच्या, पाठीला लेकरू बांधलेलं. खडी फोडताना आपल्या बाया बसतात तशाच.

शेपर्स नावाचे एक डॉक्टर १९४९ साली पेंगेला गेले होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे की माल भरायच्या मोठ्या पोत्यांमध्ये लहान पोरं उभी केली होती. वरून धागा पडत होता आणि पोरांनी तो पायाने दाबायचा, म्हणजे पोत्यात जास्त मावेल. पाय थांबू नयेत म्हणून बाजूला मुकादम चाबूक घेऊन उभा. त्यातल्या काही पोरांच्या छातीचे फोटो काढले तर बारा वर्षांच्या आतच ॲस्बेस्टॉसिस झालेला. हे कोणा पुढाऱ्याने भाषणात सांगितलेलं नाही. डॉक्टरने पाहिलं, लिहिलं, आणि पन्नास वर्षांनी तोच लिहिलेला कागद इंग्लंडच्या कोर्टात उभा राहिला.

कंपनीला माहीत नव्हतं का? लंडनजवळ बार्किंगला याच कंपनीचा कारखाना होता. इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल १९३१ सालीच सरकारी नियम झाले. म्हणजे गोऱ्या कामगाराच्या छातीला ही धूळ वाईट, हे कायद्याच्या पुस्तकात छापलं गेलं होतं. तीच कंपनी आफ्रिकेत त्यानंतर अठरा वर्षांनी पोरांना पोत्यात उभं करते.

पुढे १९६० साली तिथल्या डॉक्टरांनी त्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रोगी शोधून काढले आणि छापले. त्यातले कितीतरी जण खाणीत कधी कामालाच नव्हते. लहानपणी आसपास राहिले होते, एवढंच. ढिगाऱ्यावर खेळले होते. म्हणून ही नुसती मजुराची गोष्ट नाही, गावाची आहे.

आता खरी मेख. कंपनी म्हणजे कोण? मालक नव्हे. साहेब नव्हे. कंपनी हा कायद्याने केलेला कागदी माणूस आहे. त्याला जमीन घेता येते, कोर्टात जाता येतं. पण त्याला छाती नाही, खोकला नाही. आणि त्याला पोरं जन्माला घालता येतात. कागदावर एक कंपनी दुसरी कंपनी काढते, पोर-कंपनी. नफा आईकडे जातो, आणि भांडण आलं की आई म्हणते, ते माझं नाही, पोराचं आहे, त्याला विचारा. पोराकडे जावं तर खिसे रिकामे, नाहीतर पोर मेलेलं.

पेंगेची खाण ज्या पोर-कंपनीच्या नावावर होती तिचं नाव होतं एग्नेप. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, पेंगे होतं. गावाचं नाव उलटं करून कंपनीला लावलं! प्रिस्काकडचा धंदाही १९४८ साली असाच दुसऱ्या पोर-कंपनीच्या नावावर केला. १९७९ साली केपने तिथलं सगळं विकलं आणि ती निघून गेली.

पेंगेचा माल अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर गावाजवळच्या एका कारखान्यात जायचा. तिथले कामगार आजारी पडले, त्यांनी दावे केले. पहिल्या खेपेला तडजोड झाली, पैसे मिळाले. दुसऱ्या खेपेला केप कोर्टात आलीच नाही. मधल्या काळात तिने अमेरिकेतली आपली विक्रीची कंपनी मोडून टाकली आणि कारभार दुसऱ्या नावांनी उभा केला, त्यातलं एक नाव थेट युरोपातल्या लिक्टेनस्टाइन नावाच्या इवल्याशा देशात नोंदलेलं. अमेरिकन कोर्टाने कामगारांच्या बाजूने हुकूम दिला. तो वसूल करायला ते इंग्लंडला गेले. १९९० साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने सांगितलं, नाही मिळणार. आई वेगळी, पोर वेगळं. पुढची जबाबदारी पोरावर पडावी अशीच मांडणी केली असली तरी ती कायद्याला धरून आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोनदा विचारून घेतलं, बरोबर ऐकलं ना म्हणून.

(इथे एका भावाने विचारलं, “मग कोर्टात जायचंच कशाला?”)

थांबा भाऊ, गोष्ट संपली नाही.

१९९७ साली आफ्रिकेतल्या पाच जणांनी लंडनमध्ये केपवर दावा लावला. पाचाचे तीन हजार झाले, शेवटी साडेसात हजारांच्या आसपास. त्यांच्या वकिलांनी वाट बदलली. पोराचा गुन्हा आईच्या गळ्यात मारायला ते गेलेच नाहीत. ते म्हणाले, खुद्द आईला माहीत होतं. लंडनच्या मुख्य ऑफिसात बसून कारभार चालवत होते, धूळ वाईट हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी काही केलं नाही. हा आईचा स्वतःचा गुन्हा. दाव्याचा सगळा जीव त्या एका शब्दात आहे, माहीत होतं. आणि माहीत होतं हे तोंडाने सिद्ध होत नाही, कागदाने होतं.

कंपनी काय म्हणाली असेल? म्हणाली, आफ्रिकेतली भानगड आहे, आफ्रिकेच्या कोर्टात चालवा. ऐकायला किती रास्त! पण तिथे अशा दाव्यांना सरकारी वकिलाची मदत बंद झाली होती आणि हजारो गरिबांचा खटला कोणी पदरमोड करून चालवणार नव्हतं. तिकडे पाठवणं म्हणजे मारून टाकणं. जुलै २००० मध्ये इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, हे मान्य केलं. तिथे पाठवलं तर यांना न्याय मिळणार नाही, खटला इथेच चालेल. जिच्या नावाने तो खटला ओळखला जातो ती बाई हा निकाल ऐकायला जिवंत नव्हती. तिच्या घरच्यांनी पुढे नेला.

मग तडजोड झाली, २ कोटी १० लाख पौंड देतो म्हणाले. तारीख आली, दिले नाहीत. कंपनी अडचणीत आहे म्हणे. माणसं रोज मरत होती. शेवटी २००३ साली केपने ७५ लाख पौंड दिले, आणि त्या भागातल्या ॲस्बेस्टॉसच्या धंद्यात पुढे असलेल्या जेन्कॉर या दुसऱ्या कंपनीने ३२ लाखांच्या आसपास. केपचे पैसे साडेसात हजारांत वाटले तर माणशी हजार पौंड. तेव्हाच्या भावाने आपल्या रुपयात पाऊण लाख. एका छातीचे पाऊण लाख. याला मी जीत म्हणत नाही. पण कंपनीचा हिशेब शून्य देण्याचा होता, तो मोडला, हे विसरायला नको.

आणि ढिगारे? प्रिस्का, कोएगास, पेंगेचे ढिगारे? काही गावांत तर त्याच मालाने रस्ते केले, घरं बांधली, शाळेची मैदानं भरली. ते झाकायचं, माती टाकायची काम सरकार जनतेच्या पैशाने करतं. तडजोड झाली ती माणसांची, डोंगराची नाही.

असं आपल्या देशात होत नाही, असं कोणी म्हणू नका. झारखंडमध्ये चाईबासाजवळ रोरोच्या डोंगरात हो आदिवासींची गावं आहेत. हैदराबादच्या एका सिमेंट-पत्र्याच्या कंपनीने तिथे ॲस्बेस्टॉसची खाण चालवली आणि १९८३ साली बंद करून गेली. टाकाऊ भुगा डोंगराच्या उतारावर तसाच. पावसाळा आला की तो ओहोळाबरोबर भाताच्या शेतात उतरतो. लोक चिखलणी त्यातच करतात. कंपनीचा धंदा दुसरीकडे चालूच आहे, पत्रे विकले जातात. खाण बंद केली, कंपनी बंद केलेली नाही.

भोपाळ तर सगळ्यांना माहीत आहे. १९८४ चा डिसेंबर, युनियन कार्बाइड. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर सरकारने तडजोड केली. कारखान्यातलं विष तिथेच पडून राहिलं, जमिनीत मुरलं, आजूबाजूच्या वस्तीच्या पाण्यात आलं. २००१ साली डाऊ नावाच्या कंपनीने अख्खी कार्बाइड विकत घेतली. भोपाळचे लोक गेले तर डाऊ म्हणते, आम्ही तेव्हा नव्हतो, आमचा संबंध नाही. आता ऐका. कार्बाइड अमेरिकेत ॲस्बेस्टॉसही विकायची, आणि त्याचे हजारो दावे तिच्यावर होते. त्या दाव्यांसाठी २००२ च्या हिशेबात २२० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. तीच कार्बाइड, तेच जुनं पाप विकत घेतलेलं. तिकडच्या छातीसाठी पैसे निघतात, इकडच्या विहिरीसाठी निघत नाहीत. कारण तिकडे दावा बुडवता येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. दिल्लीत श्रीराम कंपनीतून वायू गळला, त्या खटल्यात १९८६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याला ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. नुकसान झालं की भरून दे. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि मालकाने प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे उशिरा असेल तोवर ठेवायची. १९९६ साली राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रंगाच्या रसायनाने नासल्या, तेव्हा म्हटलं, ज्याने घाण केली त्यानेच साफसफाईचा खर्च द्यायचा. तिथले कारखानदार मात्र अर्जावर अर्ज करत बसले, पैसे भरले नाहीत. कोर्टाने सांगणं आणि पैसा येणं यांच्यामध्ये एक नदी आहे.

मला त्यातला चाळीस वर्षांचा निकाल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोर्टाला कळलं की आजार उशिरा येतो, तोवर नोंद जगली पाहिजे. पण ती नोंद ठेवायची कोणी? मालकाने! म्हणजे दंडाची पावती फॉरेस्टकडेच ठेवा म्हटल्यासारखं आहे. आणि मस्टरवर नावच नसेल तर?

आपल्या शेजारचं सांगते. झाबुआकडचे भिल-भिलाले गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला जातात. तिथे पांढऱ्या गारगोटीचा पिठासारखा भुगा करणारे कारखाने आहेत. ते ॲस्बेस्टॉस नाही, पण गारेची धूळही छातीत तसंच घर करते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. जवान पोरं वर्ष-दोन वर्षं काम करून घरी येतात आणि खंगून मरतात. दवाखान्यात टीबी म्हणून गोळ्या देतात. सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टॉसिस दोन्ही कामगारांच्या भरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहेत, पण भरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न, तू तिथे कामाला होतास याचा पुरावा काय? मुकादमाने नाव लिहिलेलं नसतं. कारखान्याचं नावसुद्धा कित्येकांना सांगता येत नाही, ‘त्या शेठकडे’ एवढंच.

आपली पोरंही जातात. ऊसतोडीला जातात तशी खाणीवर, क्रशरवर, बांधकामावर जातात. आता त्या ठरावाकडे येते.

आपल्या काही साथींचं म्हणणं आहे की खाणीला सरळ नाही म्हणायचं, अटी कसल्या घालता, अट घातली म्हणजे अर्धी परवानगी दिलीच. मला ते पटतं. डोंगर आपला आहे, पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या खाणपट्ट्याला आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. मग आपण शिफारस का करायची? माझं स्वतःचं मत नको असंच आहे. पण शेजारच्या गावात खाण आधीच चालू आहे, आपली दहा-बारा पोरं तिथे जातात, त्यांना उद्या जाऊ नका सांगितलं तर चूल कशी पेटेल, हेही मला माहीत आहे. म्हणून नाही म्हणायचं असेल तिथे ठासून नाही म्हणा, आणि खाण चालू आहे तिथे हात बांधून बसू नका.

आणि बोलणी करायची वेळ आलीच, तर जीपवाल्याला पहिला प्रश्न विचारा, जामीन कोण? आपण बँकेत बैलाचं कर्ज काढायला गेलो तर दोन जामीनदार मागतात, सातबारा मागतात. याला अख्खा डोंगर पाहिजे, याचा जामीनदार कुठे आहे? खाणपट्टा कोणाच्या नावावर निघणार, त्या कंपनीच्या मागे कोणती कंपनी आहे, मालकाचं नाव-पत्ता काय, ते लेखी घ्या. आई-कंपनी लिहून देणार का की पोर पळालं तर मी भरीन? खड्डा भरायचे पैसे आधी जमा करणार का? नाही म्हणाला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. त्याने आणलेल्या टाइप केलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. ठराव आपला आपण लिहायचा, आणि त्याची नक्कल गावात राहिली पाहिजे, फक्त ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही.

दुसरं, आजच्या आज करता येण्यासारखं. प्रत्येक पाड्याची एक वही. कोण, कुठल्या खाणीवर किंवा क्रशरवर, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. मुकादमाने उचल दिलेली चिठ्ठी असेल तर ती वहीत चिकटवा. बायांची नावं वेगळी लिहा, नाहीतर नवऱ्याच्या नावात बाई बुडते. खोकला धरून राहिला आणि टीबीच्या गोळ्यांनी उतरला नाही तर डॉक्टरला सांगा, हा दगडाच्या धुळीत कामाला होता, केसपेपरवर तसं लिहा. छातीचा फोटो काढला की तो घरी आणा. पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदरांपासून लांब. खाण येण्याआधी विहिरीला उन्हाळ्यात किती हात पाणी असतं, तेही लिहा. प्रिस्काची पोरं ढिगाऱ्यावर खेळली ते कोणी लिहिलेलं नव्हतं, डॉक्टरांना एकेकाला विचारत फिरावं लागलं, आणि ज्यांना विचारायचं त्यातले बरेचसे तोवर गेले होते.

लिहिणार कोण, असं मागच्या बाया म्हणताहेत. सातवी-आठवीची पोरं आहेत ना? वनजमिनीचे अर्ज त्यांनीच लिहिले. मोठ्या माणसाने शेजारी बसून सांगायचं, आणि महिन्यातून एकदा ग्रामसभेत वाचायचं, म्हणजे खोटं-चुकीचं असेल ते तिथेच दुरुस्त होईल. वाचून झालं की पाच जणांच्या सह्या-अंगठे, तारीख.

वह्या मी आणल्या आहेत, शंभर पानी, मागे गोणीत आहेत. जेवणाआधी प्रत्येक पाड्याने एक घ्या. आणि त्या ठरावाच्या गावची मंडळी जेवण झाल्यावर थांबा, आपण बसून त्याला उत्तर लिहू.